पहिली लांब पल्ल्याची सायकल राइड: मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मी मुलुंडला राहते, बँकेत नोकरी करते आणि गेली सहा वर्षं थंडीची चाहूल लागली की एखाद्या तरी आयोजित राइडला नाव घालते. शेजारचे, ऑफिसातले, बिल्डिंगच्या ग्रुपवरचे लोक जे विचारतात ते एकदाचं लिहून काढलं आहे. बहुतेकांना पायांची काळजी असते, "एवढी ताकद येईल का?" म्हणून. पाय सहसा दगा देत नाहीत हो. दगा देतात ते पोट, बूड आणि ट्यूब, त्यामुळे खाली या तिघांनाच जास्त जागा दिली आहे.

रेस, सायक्लोथॉन आणि बीआरएम, यात फरक काय?

रेसमध्ये कोण पहिला आला हे महत्त्वाचं. आपल्याकडची जुनी मुंबई-पुणे शर्यत तशी आहे. बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला तिथे 'घाटाचा राजा' म्हणतात. पुणे ते गोवा धावणारी डेक्कन क्लिफहँगर हीसुद्धा रेसच, सहाशे किलोमीटरच्या वरची, आणि तिथे मागे स्वतःची गाडी व माणसं लागतात. नवशिक्याने तिकडे फक्त टाळ्या वाजवायला जावं.

सायक्लोथॉन म्हणजे सकाळी लवकर उरकणारा सोहळा: टी-शर्ट, छातीवर नंबर, २५ किंवा ५० किलोमीटर, शेवटी मेडल आणि फोटो. नाक मुरडू नका, गर्दीत सायकल चालवायची सवय इथेच होते.

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, हा तिसरा आणि माझ्या मते हौशी माणसासाठी सर्वांत सुंदर प्रकार. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पारिसियनचे, भारतातली व्यवस्था ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सची. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर अशी अंतरं, प्रत्येकाला ठरलेली वेळ. पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत आलात की तुम्ही आणि तासभर आधी आलेला पोरगा कागदावर सारखेच. हातात एक कार्ड देतात, वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी (त्याला 'कंट्रोल' म्हणतात) त्यावर शिक्का किंवा सही घ्यायची. जिथे माणूस नसतो तिथे दुकानाची किंवा एटीएमची पावती जपून ठेवायला सांगतात. ती पावती घामाने भिजून कोरी होते, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

पहिल्यांदा कशाला नाव घालू?

सलग ५० किलोमीटर जमत असतील तर १०० च्या राइडला. १०० दोनदा झाले आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला नाही, तर २०० च्या बीआरएमला. मित्राने आग्रह केला म्हणून थेट २०० ला उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातले निम्मे पुढच्या वर्षी सायकल विकायला काढतात.

२०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं. पुरतात का?

पुरतात, पण चहाचा हिशोब ठेवला तर. चालत्या सायकलचा वेग ताशी २० धरला तर १० तास होतात. उरले साडेतीन तास, आणि ते भरपूर वाटतात. आता मोजा: सकाळी पोहे, ३५ मिनिटं. कंट्रोलवर रांग, १५. एक पंक्चर, २५. जेवण, तासभर, कारण ताटात बसल्यावर उठवत नाही. मग "पाच मिनिटांचा" चहा तीन वेळा, म्हणजे पाऊण तास. शिल्लक अर्धा तास, आणि परतीच्या वाटेवर समोरून वारा.

मधल्या कंट्रोलनाही बंद होण्याची वेळ असते. १०० किलोमीटरवरचं कंट्रोल सुटल्यापासून ६ तास ४० मिनिटांनी बंद होतं, कारण किमान सरासरी ताशी १५ धरलेली असते. त्या हिशोबाने २०० ला १३ तास २० मिनिटं व्हायला हवीत. नियमाने मात्र दहा मिनिटं जास्त दिली आहेत. ती दहा मिनिटं एकदा माझ्या कामी आली आहेत.

थोडक्यात, जोरात पळवण्यापेक्षा कमी वेळ थांबायला शिका. आमच्यातल्या एक काकू ताशी १९ च्या वर कधी जात नाहीत, पण थांबतात तेव्हा घड्याळ पाहून. तरणीबांड मुलं त्यांना तीनदा ओलांडतात आणि शेवटी त्यांच्या मागून येतात.

माझ्याकडे साधी, गिअर नसलेली सायकल आहे. चालेल?

५० ला चालेल. २०० लाही मनाई नाही, पण घाट असेल तर अंगावर येईल. पहिल्या दोन वर्षांसाठी हायब्रिड (रेसची आणि डोंगरी यांच्या मधली सायकल) उत्तम, सेकंडहँड मिळाली तर आणखी उत्तम. जाड टायरची डोंगरी सायकल असेल तर लगेच विकू नका, गुळगुळीत आणि थोडे बारीक टायर बसवून घ्या.

सायकलच्या किमतीपेक्षा तिचं माप महत्त्वाचं. सीटवर बसून पॅडल अगदी खाली न्या आणि टाच त्यावर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेला राहत असेल तर सीट वर घ्या. कंबर डुलवावी लागत असेल तर खाली. मुंबईत निम्मे लोक सीट खाली ठेवून चालवतात, सिग्नलला पाय टेकावा म्हणून, आणि मग गुडघेदुखीची तक्रार घेऊन डॉक्टरकडे जातात.

मुंबईत सराव करायचा कुठे? इथे चालायला जागा नाही.

जागा आहे, पहाटे. साडेचार ते साडेसात हे शहर सायकलवाल्यांचं असतं. मागे कॅरिअरवर पाव, हँडलला दुधाच्या पिशव्या लावून गिअरशिवाय उड्डाणपूल चढणारा माणूस दिसला की माझ्या कार्बन फ्रेमच्या गप्पा बंद होतात.

दक्षिणेत मरीन ड्राइव्ह ते वरळी आणि परत. नवी मुंबईत पाम बीच रोड, सपाट, त्यामुळे एकाच लयीत पाय फिरवायचा सराव होतो. आरेचा रस्ता सावलीचा, पण अंधारात एकट्याने नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता वर चढत जातो. ठाण्याच्या लोकांना येऊर आणि घोडबंदरचा गायमुख घाट. बाकी चढ नसेल तर उड्डाणपूल मोजा. पूर्व द्रुतगती मार्गावरचे जाऊन-येऊन सगळे पूल घेतले की एक लहानसा घाट होतोच.

बंद रस्ते ध्यानात ठेवा: सी लिंक, पूर्व मुक्तमार्ग, कोस्टल रोड, अटल सेतू आणि पुणे एक्सप्रेस-वे. यांपैकी कुठेही सायकल चालत नाही. "पहाटे कोण बघतंय" म्हणू नका.

लांबच्या सरावाला माझा एकच नियम आहे: रस्ता असा निवडा की जवळून लोकल जाते. नाशिक महामार्गाने गेलात तर शहापूरला आसनगाव स्टेशन, पुढे कसारा. जुन्या पुणे रस्त्याने पनवेल, मग खोपोली. अहमदाबाद महामार्ग रुळांपासून लांब जातो, मनोरहून पालघर स्टेशन गाठायला वीसेक किलोमीटर आत यावं लागतं, म्हणून तिकडे एकट्याने जाताना जरा बेताने.

तयारीला किती आठवडे लागतात?

१०० साठी आठ, २०० साठी बारा, रोज दोन तास ट्रेनमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाचा हिशोब धरून. आठवड्यात दोन दिवस तासभर, रविवारी लांब. रविवारचं अंतर थोडं थोडं वाढवा, दर चौथ्या आठवड्यात कमी करा. २०० च्या आधी १४०-१५० एकदा व्हायला हवेत. पूर्ण २०० आधी करून पाहायची गरज नाही. शेवटच्या आठवड्यात हलके पाय फिरवा आणि झोपा. राहिलेला सराव त्या आठवड्यात भरून काढणारे सुरुवातीच्या रेषेवरच थकलेले असतात.

बसायची जागा दुखते. विचारायला लाज वाटते.

वाटू देऊ नका, सगळ्यांची दुखते. मऊ जेलचं कव्हर घेऊ नका. पहिले दहा किलोमीटर बरं वाटतं, मग ते घासायला लागतं. सीट तुमच्या बसण्याच्या हाडांएवढी रुंद हवी, मऊ असलीच पाहिजे असं नाही. पॅडवाली चड्डी घ्या आणि तिच्या आत काही घालू नका. आतल्या कापडाची शिवणच कातडी सोलते. मांडीच्या सांध्यात आणि पॅडवर व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहून वीस सेकंद रक्त फिरू द्या. राइड संपल्यावर ओल्या चड्डीत वडापाव खात गप्पा मारत बसू नका, आपल्या दमट हवेत गळवं त्यातूनच होतात. आणि नवी चड्डी, नवी सीट, नवे बूट यांतलं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा नको.

खायचं काय? ते पाकिटातले गोड एनर्जी जेल विकत घ्यावे लागतात का?

नाही. लांब मेहनतीत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि वर चिक्कीचा तुकडा, हिशोब जमला. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गूळ-शेंगदाणे, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, सगळं चालतं. राजगिऱ्याचा लाडू मात्र चालत्या सायकलवर खाऊ नका, अर्धा रस्त्यालाच जातो.

पहिल्या तासात भूक लागत नाही, आणि इथेच लोक फसतात. शरीरातला साठा दीड-दोन तास जोरकस मेहनतीला पुरतो. तो संपला की पाय अचानक दुसऱ्याचे वाटायला लागतात, डोकं चिडचिडं होतं, समोरचा माणूस उगाच आवडेनासा होतो. मग कितीही खाल्लं तरी अर्धा तास काही होत नाही. म्हणून मोबाइलवर दर ३० मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की खा, भूक असो वा नसो.

आदल्या रात्री घरचा वरणभात. "कार्ब लोडिंग"च्या नावाखाली हॉटेलात पाचजणांनी मिळून पावभाजी चापली की सकाळी सहाला हायवेवर पोट बोलायला लागतं, आणि हायवेवर झाडं कमी झाली आहेत. निघण्याआधी दोन तास पोहे किंवा इडली. वाटेत दहीभात मिळाला तर सोनं. तळलेलं पचायला वेळ घेतं, मिसळ नाशिकलाच खायची असेल तर शेवटी खा.

पाणी किती प्यायचं?

ताशी अर्धा ते पाऊण लिटर, उन्हाप्रमाणे कमी-जास्त. मुंबईची खरी अडचण उष्णतेपेक्षा दमटपणा. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची चिन्हं, आणि तशा माणसाला आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरकडे न्या.

ओआरएस घ्या, पण पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलं आहे का पाहा. मोठं पाकीट पूर्ण एका लिटरला असतं. सायकलची बाटली पाऊण लिटरची, आणि लोक त्यातच अख्खं पाकीट ओततात. दुकानातून लिटरची बाटली घ्या, तिच्यात कालवा, मग वाटून भरा. कोकम सरबत मीठ घालून आणि शहाळं मला याहून जास्त चालतं, पण ती पोटाची आवड झाली.

पंक्चर मला काढता येत नाही. कोणीतरी भेटेलच ना?

भेटेल, पण त्याच्याकडे तुमच्या मापाची ट्यूब नसेल. ट्यूब बदलणं ही एकच गोष्ट अशी आहे की ती आल्याशिवाय मी कोणालाही नाव घालू देत नाही. पंक्चर चिकटवायची गरज नाही, ट्यूब बदला आणि जुनी घरी आणा.

माझी फजिती सांगते. पहिल्या २०० ला मी शहाण्यासारखी दोन ट्यूब घेतल्या होत्या. शहापूरच्या पुढे मागचं चाक बसलं. टायर काढलं, जुनी ट्यूब काढली, नवी घातली, तर व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून जाईना. दुकानदाराने मोटारीसारख्या जाड व्हॉल्व्हच्या ट्यूब दिल्या होत्या, आणि माझ्या रिमला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं भोक. दोन्ही ट्यूब निरुपयोगी. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नव्हता, मी खोका उघडूनच पाहिला नव्हता. शेवटी एका धाब्याशेजारच्या ट्रकच्या टायरवाल्याने जुन्या ट्यूबला ठिगळ मारून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून नवी ट्यूब घरी चाकात घालून, हवा भरून, परत काढून मगच पिशवीत जाते. बरोबर दोन ट्यूब, टायर रिममधून काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप, मल्टिटूल (घडीचा पान्यांचा संच), चेनची एक जोडकडी. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळू. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरच्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. ती तार आत राहिली तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर कोरलेलं असतं, त्याहून जास्त कधी नको.

घाट कसा चढायचा?

बोलता येईल इतक्या वेगाने. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा, जोर लावलेला असताना बदललात तर चेन करकरते आणि कधी निसटते. खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना लोक पहिल्याच वळणांवर सगळं उधळतात. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, तिथवर पुरवायचं आहे. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबून पाणी प्या. ट्रकवालेही थांबतात, आपण कोण लागून गेलो. उतरून ढकलत नेलीत तरी चालतं, कार्डावर तसं कोणी लिहीत नाही.

उतरणं जास्त धोक्याचं. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका, आणि ट्रकच्या आतल्या बाजूने कधीही शिरू नका.

अंधार पडला तर?

पुढे पांढरा, मागे लाल दिवा, दोन्ही सायकलला घट्ट बसवलेले, आणि अंगावर चमकणारं जॅकेट. बीआरएममध्ये याशिवाय सुरुवातच करू देत नाहीत. हेल्मेटचंही तेच. दिवा पूर्ण चार्ज करून किती तास जळतो ते घरी एकदा पाहून घ्या.

ग्रुपमध्ये चालवायची भीती वाटते.

वाटायलाच हवी, थोडी. पुढच्याच्या चाकाच्या शेजारी आपलं चाक अडकवू नका, अचानक ब्रेक मारू नका, खड्डा दिसला तर हात दाखवून ओरडा. पुढच्याच्या आडोशाला वारा कमी लागतो, म्हणून सगळे मागे लपतात. तुमची पाळी आली की पुढे जा. कानात गाणी नकोत, दोन्ही कानांत तर नकोच.

नवरा म्हणतो, मी गाडी घेऊन मागून येतो.

त्यांना प्रेमाने घरी बसवा. बीआरएममध्ये मागून येणारी खासगी गाडी चालत नाही, मदत घ्यायचीच तर फक्त कंट्रोलवर. वाटेत नवऱ्याच्या गाडीतून पाण्याची बाटली घेतली तरी राइड बाद होऊ शकते. फोनचं लोकेशन शेअर करून ठेवा, तेवढ्याने त्यांचं समाधान होतं. निदान आमच्याकडे होतं.

बायकांसाठी वेगळं काही?

स्वच्छतागृह, सगळ्यांत आधी. रस्ता ठरला की वाटेतले मोठे पेट्रोल पंप आणि हॉटेलं नकाशावर खुणा करून ठेवते. "जावं लागेल म्हणून पाणीच पीत नाही" हे करू नका, त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग ठरलेला. पाळीच्या दिवसांत राइड आली तर मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्या मैत्रिणी पॅडपेक्षा तो बरा म्हणतात, पॅड आणि चड्डीचं जाड अस्तर एकत्र घासतं. कपाची सवय मात्र दोन महिने आधी करा. एकटीने पहाटे स्टार्टला पोचायचं असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर विचारा, त्याच वाटेवरचं कोणी ना कोणी निघतंच.

वय ५२, बीपीची गोळी चालू आहे.

आधी डॉक्टर, मग फॉर्म. तपासणीत "सायकल चालवतो" एवढंच न सांगता "दिवसभर, उन्हात, २०० किलोमीटर" असं स्पष्ट सांगा. आणि छातीत दाबल्यासारखं वाटलं तर तिथल्या तिथे उतरा.

हे करून पॅरिसला जाता येतं म्हणे?

येतं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किलोमीटर, कमाल ९० तास, पहिल्यांदा १८९१ मध्ये झाली. आता चार वर्षांतून एकदा होते. मागची २०२३ मध्ये, पुढची २०२७ मध्ये. त्यासाठी त्या वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० या चारही बीआरएम वेळेत पूर्ण कराव्या लागतात. मी गेलेले नाही. रजा आणि पैसे दोन्ही एकाच वर्षी जमायला हवेत.

मध्येच सोडावं लागलं तर?

आयोजकांना फोन करून कळवा. हे अगदी नक्की करा, नाहीतर रात्री अकरा वाजता कोणीतरी तुम्हाला शोधत हायवेवर फिरत असतं. मग जवळचं स्टेशन. गर्दीची वेळ टाळून, लगेजचं तिकीट काढून, मालडब्यातून सायकल आणता येते. चढण्याआधी स्टेशनवर विचारून घ्या. मी एकदा ३०० ची राइड सोडून आसनगावहून आले, पोट बिघडलं होतं. मालडब्यात भाजीच्या पाट्यांच्या मधे सायकल धरून उभी होते. शेजारच्या मावशींनी माझं हेल्मेट, चिखल, चेहरा सगळं नीट न्याहाळलं, विचारलं, "कुठून आलीस चालवत?" मी सांगितलं. त्यांनी पाटीतली एक काकडी काढून पुसली, माझ्या हातात दिली आणि कल्याण येईपर्यंत पुढे काही विचारलं नाही.